जाईबाई हजर

जाईबाई वारली त्याला तेरा महिने होऊन गेल्यावर तिनं चिंचखेड्याच्या ग्रुपवर मत दिलं. तेही 'हो' म्हणून.

ही बातमी घेऊन धर्मेंद्र आला तेव्हा डोमाजी ओट्यावर बसून लसूण सोलत होता. धर्मेंद्र वस्तीतला पंचायत सदस्य, पन्नाशीला आलेला, सभेत कसं बोलावं हे जाईबाईकडून शिकलेला. एरवी 'जयभीम काकाजी' म्हटल्याशिवाय तो अंगणात पाय ठेवत नसे. त्या दिवशी त्यानं जयभीम केला नाही. खिशातून मोबाइल काढून सरळ डोमाजीच्या नाकापुढे धरला.

"हे काय हाय काकाजी?"

डोमाजीनं चष्मा चढवला. वस्तीजवळच्या राखीव जागेवर व्यापारी गाळे बांधावेत का, असा प्रश्न होता. हो एकसष्ट, नाही साठ. धर्मेंद्रनं 'हो'वर बोट ठेवलं तशी नावांची यादी उघडली. त्याच यादीत, किराणावाल्याच्या खाली आणि सरपंचाच्या चुलत्याच्या वर, जाईबाई होती. डोक्यावर पदर, निळं लुगडं, ओठ घट्ट मिटलेले. हा फोटो डोमाजीनंच दर्यापूरच्या एका लग्नात काढायला लावला होता.

ज्या जागेवर तिनं 'हो' म्हटलं होतं, ती जागा राखीव ठेवायला तिच्या आयुष्यातली अकरा वर्षं गेली होती. तिथं अभ्यासिका व्हावी, वस्तीतल्या आणि गावातल्याही पोरींना परीक्षेचा अभ्यास करायला चार भिंती नि एक दिवा मिळावा, एवढंच तिचं मागणं. त्यापायी ती अंजनगावला तहसीलवर गेली, अमरावतीला जिल्हा परिषदेत जाऊन बसली, तीन सरपंचांशी भांडली. आणि आता मेल्यावर तिनं अंग काढून घेतलं म्हणे.

"कोनं दाबलं हे?" धर्मेंद्रनं विचारलं.

"मले काय मालूम."

"फोन तं तुमच्याच घरात हाय ना जाईमायचा. वस्तीत लोक काय म्हनून राहिले, आयकलं का? डोमाजीनं दाबलं म्हनतात. गाळा भेटनार हाय त्याले म्हनतात. आन् सरपंच अमोल काल चौकात हसून हसून सांगून राहिला का बाप्पा, जाईबाईनं बी हो म्हटलं, आता कोन अडवते."

डोमाजीच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. तो कधीच फार बोलला नव्हता. बांधकाम खात्यात मैलकुली होता तो, अंजनगाव ते अकोट रस्त्याचा आपल्या वाट्याचा तुकडा बत्तीस वर्षं बुजवत आलेला. खड्डे बुजवणाऱ्याला बोलावं लागत नाही. घरातलं सगळं बोलणं जाईबाईकडे होतं आणि त्याची त्याला कधी तक्रारही नव्हती. ग्रामसभेत ती उभी राहायची नि हा मागच्या भिंतीला टेकून बसायचा. तिच्या मागं आपण आहोत, एवढं त्याला पुरे वाटायचं.

"फोन बंद हाय," तो म्हणाला.

"बंद फोन मत देते का काकाजी?" असं म्हणून धर्मेंद्र गेला. जातानाही त्यानं जयभीम केला नाही, ते डोमाजीला फार लागलं.

आता थोडं या ग्रुपविषयी सांगायला हवं. करोनाच्या साली ग्रामसभा मोबाइलमध्ये जाऊन बसली, ती पुन्हा उठलीच नाही. सरपंच अमोल तेव्हा नवा होता, शिकलेला, चटपटीत. त्यानं 'आपलं गाव चिंचखेडा' नावाचा ग्रुप काढला, गर्दी नको म्हणून एका घराचा एकच नंबर घेतला, आणि गावाची सोय झाली. खरंच झाली, उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही. नळ कधी येणार, विजेची डीपी कुठली जळाली, कोणाच्या घरी लग्न, सगळं घरबसल्या कळू लागलं. मग ठरावही तिथंच येऊ लागले. हो की नाही, दाबा. ग्रामसेवक ती यादी पाहून रजिस्टर भरी. ज्यानं दाबलं तो हजर. पूर्वी शंभर माणसांची गणपूर्ती करायला बिचाऱ्याला दारोदार सह्या मागत फिरावं लागे, आता खुर्चीत बसल्या बसल्या एकशेवीस माणसं हजर होऊ लागली. हे कायद्यात बसतं का, असं विचारणारी गावात एकच बाई होती.

ती लिहायला शिकली चाळिशीत, रात्रीच्या साक्षरता वर्गात. ते कशासाठी, तर पुन्हा कुठल्या कागदावर अंगठा द्यावा लागू नये म्हणून. पण मोबाइलवरची अक्षरं काही तिला दाद देईनात. मग ती आवाज पाठवायची, तीन तीन, चार चार मिनिटांचा. सुरुवात ठरलेली: "सरपंच साहेब, माहा एक सवाल हाय." मागून कुकरची शिट्टी, बकरीचं ओरडणं, मध्येच सुनेला दिलेली हाक, सगळं त्यात यायचं. लोक कंटाळले. एवढं ऐकायचं कोणी? एक दिवस ग्रुपची कळ फिरली. आता लिहायचं-बोलायचं ते फक्त सरपंचानं नि ग्रामसेवकानं. बाकीच्यांच्या हाती हो आणि नाही, एवढंच उरलं. खाली एक सूचनाही आली, मत न देणाऱ्यांना ग्रुपमधून काढण्यात येईल. काढलं मात्र कधी कोणालाच नाही. जाईबाई त्या दिवशी जेवली नाही.

"तोंड शिवलं जी माहं," ती डोमाजीला म्हणाली. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ताप डोक्यात गेला नि चार दिवसांत आटोपलं.

डोमाजीनं तिचा फोन ठेवून दिला होता. नुसता ठेवला नव्हता, जपला होता. रोज चार्ज करायचा. रिचार्ज कोणी केलं नाही, मेलेल्या माणसाला कोण फोन करणार. पण सून दीपमाला आशा वर्कर, तिच्या मोबाइलवरून ती नेट जोडून द्यायची. संध्याकाळी पाच वाजता डोमाजी ओट्यावर बसून ग्रुपमध्ये मागं मागं जायचा आणि बायकोचे सवाल ऐकायचा. नाल्या, पथदिवे, शाळेची भिंत. कुकरची शिट्टी वाजली की त्याला बरं वाटायचं.

गेल्या वैशाखात एक दिवस फोननं ग्रुप उघडायचं नाकारलं. पडद्यावर चार ओळी आल्या, खाली एक चौकोन आला, डोमाजीनं घाबरून तो दाबला, आणि सगळं गेलं. ग्रुप गेला, फोटो गेला, एकूण एक सवाल गेले. आपल्या बोटानं आपण तिचा आवाज पुसला, अशी त्याची खात्रीच झाली. कोणत्या तोंडानं सांगणार? त्यानं फोन बंद केला, तिच्याच जुन्या ब्लाउजमध्ये गुंडाळला आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. दीपमालेनं विचारलं तेव्हा "आता नको, जीव लागत नाही," एवढंच म्हणाला. तीन महिने तो हे एकटाच गिळून होता.

धर्मेंद्र गेल्यावर त्यानं ट्रंक उघडली. फोन होता तिथंच होता, थंडगार, मेलेला. ब्लाउजची गाठसुद्धा त्याचीच. डोमाजी बराच वेळ ट्रंकेपाशी बसून राहिला. भूतखेत त्यानं कधी मानलं नव्हतं, त्याच्या बापानंही नव्हतं. छप्पन सालच्या दीक्षेपासून घरातून ते सगळं हद्दपार झालं होतं. तरी पाठीवरून काहीतरी सरकलं, हे खोटं कशाला सांगावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दीपमाला सडा टाकत होती तेव्हा तिचा मोबाइल खिडकीत होता. डोमाजीनं उचलला, 'सासूबाई' हे नाव शोधलं. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ऑनलाइन. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. जाईबाई पंचेचाळीस वर्षं पाचाच्या ठोक्याला उठत आली होती.

तो त्या अक्षरांकडे पाहत राहिला. थोड्या वेळानं ती मावळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच वाजता उगवली. तिसऱ्या दिवशीही. सरपंचानं पाऊसपाण्याचा निरोप टाकला की त्याखाली ग्रुपवर तिचे जोडलेले हात दिसायचे, असं धर्मेंद्रच्या पोरानं सांगितलं. जाईबाईनं जन्मात सरपंचाला हात जोडले नव्हते. हेच डोमाजीला सगळ्यात जास्त छळू लागलं. ती आली असती तर भांडायला आली असती. अशी कशी झाली ती? माणूस तिकडं गेल्यावर एवढं मवाळ होतं का?

चौथ्या सकाळी त्यानं दीपमालेला सगळं सांगून टाकलं. वैशाखातलं बोटसुद्धा. ती हातातलं पीठ तसंच ठेवून उठली. "फोन लावू मामाजी?" ती म्हणाली आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता तिनं 'सासूबाई'वर फोन लावून त्याच्या हातात दिला.

तिकडं घंटी वाजली. कोणीतरी उचलला. कुकरची शिट्टी आली. मग बाईचा आवाज आला, त्याच वयाचा, तसाच किंचित घोगरा.

"हॅलो. कोन बोलून राहिलं?"

डोमाजीच्या डोळ्यांतून पाणी निघालं, अगदी घळाघळा. दीपमालेनं फोन काढून घेतला, दोन मिनिटं बोलली आणि ठेवला.

"अकोल्याची बाई हाय मामाजी. गोदाबाई नाव. नवं सिम घेतलं म्हने तिनं." मग तिनं त्याला नीट समजावून सांगितलं. रिचार्ज नाही म्हणून कंपनीनं जाईबाईचा नंबर बंद केला, काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकला. पण इकडे डोमाजी रोज नेट जोडून व्हॉट्सॲप जिवंत ठेवत होता. म्हणून नंबर गेला तेव्हा ते खातंही त्या नंबरामागं गेलं, फोटोसकट, ग्रुपसकट. "तुमच्या बोटानं काई नाई झालं. तुमी दाबलं नसतं तरी गेलंच असतं."

डोमाजीच्या छातीवरचा दगड उतरला. पण त्या जागी काही आलंही नाही. चार दिवस ती कुठंतरी होती, पहाटे उठत होती. आता ती पुन्हा नव्हती.

धर्मेंद्रला हे कळलं तसा तो धावत आला. या वेळी जयभीम दोनदा केला, माफी मागितली, आणि लगेच आवाज खाली आणला.

"काकाजी, हे तं उलटं बरंच झालं. आता आयका. चवदा तारखेलोग मत बदलता येते. पंधरा ऑगस्टच्या सभेत थे रजिस्टरात चढते. थ्या बाईले सांगा, 'हो'वरचं काढून 'नाही'वर दाबाले. साठ-एकसष्ट होते. जागा वाचली आपली."

"आन् खरं सांगतलं तं? का हे मत जाईचं नाई म्हनून?"

"तं साठ-साठ. बरोबरीत सरपंचाचं मत चालते. गेली जागा." धर्मेंद्रनं त्याचा हात धरला. "जाईमायचंच मत होते ना थे. तिनं काय दाबलं असतं? नाहीच ना. मंग आपन खोटं काय करून राहिलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं डोमाजी अकोल्याला निघाला. अकोटपर्यंत आपलाच रस्ता. कुठं आपलं डांबर टिकलं, कुठं उखडलं, हे एरवी तो खिडकीतून मोजत जायचा. आज त्याला एक खड्डा दिसला नाही.

गोदाबाई डाबकी रोडला एका खोलीत राहत होती. लग्नाच्या हॉलवर पोळ्या लाटून तिनं पोराला वाढवलं, पोरगा सुरतेला गेला, गुडघे गेले, आणि आता ती नि तिचा मोबाइल, एवढीच माणसं घरात होती. तिनं डोमाजीला बसायला पाट दिला, चहा टाकला आणि पहिलाच प्रश्न विचारला,

"भाऊ, किसनरावायचा बैल सापडला का?"

डोमाजी चक्रावला. "कोनता बैल?"

"पांढरा. एक शिंग मोडलेला. आखाडाच्या सुरुवातीले हरपला म्हून ग्रुपवर आलतं. मंग काई आलंच नाई. म्या रोज पायतो."

"सापडला. अकोटच्या बाजारात भेटला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिला सगळं माहीत होतं. मंजुषाच्या पोरीचं लग्न कुठं ठरलं, नळ कोणत्या वारी येतो, शाळेला गुरुजी किती कमी आहेत. चिंचखेडं तिनं पाहिलं नव्हतं, कुठल्या दिशेला आहे तेही तिला सांगता आलं नसतं. पण पहाटे पाचाला नळ येतो म्हणून ती उठायची आणि आधी त्या गावाची खबरबात घ्यायची. आपल्याला कोणी त्यात घातलं हे तिला कळलं नव्हतं. घातलं आहे तर राहावं, एवढंच तिला कळत होतं.

"गाळ्याच्या प्रश्नावर तुमी हो दाबलं," डोमाजी म्हणाला.

"दाबलं ना. थे लिहितेत ना, जो दाबनार नाई त्याले काढू."

"मंग नाही काहून नाई दाबलं?"

गोदाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की एवढंही याला कळू नये. "नाही म्हननाऱ्याले कोन ठेवते भाऊ?"

डोमाजीनं चहा संपवला. मग ज्या कामासाठी आला होता ते बोलला. 'हो'वर नाही, 'नाही'वर दाबायचं आहे. गोदाबाईनं एका शब्दानं विचारलं नाही की कशाला, तिथं काय होणार आहे, कोणाचं भलं, कोणाचं वाईट. मोबाइल घेतला, पदरानं पुसला, प्रश्न उघडला. "सांगा, कुठं दाबू?" आणि अंगठा उचलून धरला.

त्या अंगठ्याच्या वर, कोपऱ्यात, जाईबाईचा फोटो होता. ओठ घट्ट मिटलेले.

डोमाजीनं तो अंगठा पाहिला. अकरा वर्षं त्याच्या बायकोनं माणसांना समजावण्यात घालवली होती. कोणी नाही म्हटलं तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसायची, त्याचं ऐकून घ्यायची, भांडायची, पुन्हा जायची. साठ जण नाही म्हणाले ते कोणी अंगठा धरून म्हणवलं नव्हतं. आणि आज तो, तिचा नवरा, एका परक्या बाईच्या अंगठ्यानं तिचं मत देणार होता, आणि त्या बाईला कशासाठी तेही माहीत नव्हतं. लोक म्हणत होते डोमाजीनं दाबलं. ते आता खरं होणार होतं.

"राहू द्या ताई," तो म्हणाला. "नका दाबू."

"काहून? चुकलं का माहं?"

मग त्यानं तिला सांगितलं, हा फोटो कोणाचा, ही जागा कशाची. जाईबाई कशी होती तेही सांगितलं. इतकं तो आयुष्यात सलग बोलला नव्हता. गोदाबाई फोटोकडे पाहत राहिली. "मले वाटलं फोटो कंपनीचाच असन," ती म्हणाली आणि मोबाइल पालथा ठेवला.

"पंधरा तारखेले मी सभेत खरं सांगनार हाय," डोमाजी म्हणाला. "मंग थे तुमाले काढतीन."

तिनं त्याची रिकामी कपबशी उचलली. "मंजुषाच्या पोरीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर हाय ना? तेवढं कळवता का भाऊ, कसं झालं थे?"

डोमाजीनं हो म्हटलं. स्टँडपर्यंत चालत येताना त्याला वाटलं, आपण ही बाई उगाच पाहिली. न पाहता काढून टाकणं किती सोपं गेलं असतं.

धर्मेंद्रनं ऐकलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "तुमी जाईमायची जागा विकून आले काकाजी. फुकटात विकून आले," असं म्हणून तो गेला. डोमाजीला वाईट वाटलं, पण राग आला नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांनी चॉकलेटं खाल्ली, गावातले लोक आपापल्या घरी गेले आणि पंचायतीच्या हॉलमध्ये ग्रामसभा भरली. हॉलमध्ये माणसं एकोणीस, त्यात धर्मेंद्र मागं तोंड फिरवून बसलेला. ग्रामसेवकानं रजिस्टर उघडून वाचलं, "उपस्थिती एकशे एकवीस. विषय पहिला, व्यापारी गाळे. बाजूनं एकसष्ट, विरोधात साठ. ठराव मंजूर."

डोमाजी भिंतीपासून सुटा झाला. उभं राहिल्यावर हात कुठं ठेवायचे हे त्याला कळेना, म्हणून त्यानं ते मागं बांधले.

"सरपंच साहेब," तो म्हणाला. लोकांनी माना वळवल्या. या माणसाला आवाज आहे हेच कित्येकांना नवं होतं. "एकशे एकवीस हजर म्हनता. नावं वाचा."

अमोल हसला. "काकाजी, ग्रुपवर सारे पायतात. वाचाची काय गरज?"

"जाई बी हजर हाय का त्याच्यात?"

हसणं तिथंच थांबलं. डोमाजीनं दोन वाक्यांत अकोल्याचं सांगितलं. मत माझ्या बायकोचं नाही, ते काढा. बरोबरी होते हे मला माहीत आहे. पण आधी नावं वाचा.

नियमाप्रमाणे मागणी आली तर वाचावी लागतात. ग्रामसेवकानं घसा साफ केला.

"सूर्यभान नारायण काळमेघ."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज. मग मागून कोणीतरी म्हणालं, "पुन्यात हाय थो. दोन वर्सं झाले."

"रुख्मिणी वासुदेव धोटे."

"घरी हाय. सिरियल पायते."

"देवमन ओंकार इंगळे."

त्याच्या घराशेजारचा म्हातारा हळूच म्हणाला, "थो तं गेल्या पोळ्याच्या दिवशी मेला ना."

"मंग दाबते कोन?"

"नातू दाबत असन."

नाव, पंखा, आणि उत्तर. नाशिक. शेतात. झोपला असेल. मेली. माहीत नाही. मध्येच एखादा "हजर" म्हणायचा, आणि म्हणताना आपल्यालाच दचकून आजूबाजूला पाहायचा. वाचता वाचता ग्रामसेवकाचा आवाज खाली खाली जाऊ लागला. एकोणीस जिवंत माणसं बसली होती आणि भोवती शंभर नावं उभी होती, ज्यांनी गावाचे सगळे निर्णय घेतले होते. चौथ्या पानावर एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पुरे," अमोल म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचाही चेहरा उतरला होता. "गणपूर्ती नाई. सभा तहकूब. पुढच्या गुरुवारी हेच विषय. तहकूब सभेले गणपूर्ती लागत नाई. जे समोर येऊन बसतीन थे हात वर करून ठरवतीन. ज्याचं नाव रजिस्टरात, त्याचं मत."

धर्मेंद्र मागून पुढं आला आणि डोमाजीच्या शेजारी उभा राहिला. "गुरुवारी पूरी वस्ती आनतो काकाजी," तो पुटपुटला.

"बाकीचे बी वाचा," डोमाजी म्हणाला.

"तहकूब झाली ना आता," ग्रामसेवक म्हणाला.

"माहं नाव येईलोग वाचा. गुरुवारी मी येनार हाय."

ग्रामसेवकानं पानं उलटली, वस्तीच्या घरांवर आला, बोट खाली खाली नेलं आणि थांबला. "शहाण्णव. जाईबाई डोमाजी तायडे. हजर." मग त्यानं वर पाहिलं. "तुमचं नाव नाई काकाजी. एका घराचा एक नंबर, एक नाव. तुमच्या घरचं हे हाय."

"मी हाय ना पन. हा उभा."

"हाय. पन नाव टाकाचं तं हे काढा लागन."

डोमाजी टेबलाजवळ गेला. रेशन कार्डावरून त्यानं तिला काढलं नव्हतं, मतदार यादीतून काढलं नव्हतं, फॉर्म घेऊन आलेल्या बाईला दोनदा परत पाठवलं होतं. रजिस्टरात तिचं नाव निळ्या शाईत होतं, पुढं वळणदार अक्षरात हजर. सगळ्या गावात ती एवढ्या एकाच जागी हजर होती.

डोमाजीनं ग्रामसेवकाच्या हातून पेन घेतलं. जाईबाईच्या नावावरून रेघ ओढली, हळू, कागद फाटू नये अशी. तिच्या खाली जागा फार नव्हती. तेवढ्याशा जागेत त्यानं स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन परत दिलं.

"आता पुढचं वाचा," तो म्हणाला.